एकट्या पालकाच्या कर्जाचा हिशेब नव्याने मांडा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शेतकऱ्यांची कर्जमाफी, बड्या उद्योगांची थकलेली कर्जे आणि अलीकडे गावोगावच्या मायक्रोफायनान्स कंपन्यांची वसुली, या विषयांवर वृत्तपत्रांत नेहमी लिहिले जाते. या चर्चेत एका प्रकारच्या घराचा उल्लेख मात्र क्वचितच येतो. दोघांच्या मिळकतीच्या भरवशावर कर्ज काढलेले असते. पुढे मृत्यूमुळे, घटस्फोटामुळे किंवा घर सोडून गेल्यामुळे त्यातले एक माणूस कमी होते आणि उरलेल्याने मुले सांभाळत तेच कर्ज, त्याच हप्त्याने, दहा-पंधरा वर्षे फेडत राहायचे असते. मी अशाच घरातली आहे. बार्शीच्या बाजारात एका अडत दुकानात मी हिशेबाचे काम करते. पती वारले तेव्हा मुलगी सातवीत आणि मुलगा दुसरीत होता. आज मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि घरावरचे कर्ज अजून फिटलेले नाही. मला हिशेब कळतो म्हणून आजूबाजूच्या बायका आपापले कागद घेऊन माझ्याकडे येतात. माझ्या आणि त्यांच्या कागदांतून जे दिसले, ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अशा घरावर कर्ज सहसा एक नसते. आमच्याकडे टेम्पोचे होते, पतसंस्थेचे घरतारण होते, माझ्या नावावर मायक्रोफायनान्सच्या महिला गटाचे होते आणि पतीने हातउसने घेतलेले काही पैसे होते, ज्यांचा कागद कुठेच नव्हता. टेम्पो पुढे हप्ते थकल्यावर ओढून नेला गेला, मिळेल त्या किमतीला विकला गेला आणि तरीही काही रक्कम आमच्या नावावर बाकी दाखवली गेली. पतसंस्थेच्या कर्जाला मी स्वतः जामीनदार होते, त्यामुळे ते नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. हे आधी सांगते, कारण कर्ज बुडवण्याची वाट दाखवण्यासाठी मी लिहीत नाही. जे आपले आहे ते फेडायचे आहे. मात्र जे आपले नाही ते कोणते, हे ज्या दिवसांत कळायला हवे त्याच दिवसांत ते सांगणारे कोणी नसते.

ते दिवस म्हणजे मृत्यूनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे. तेरावा झालेला नसतो, घरात पाहुणे असतात आणि वसुलीचा माणूस सांत्वनाला म्हणून येतो. चहा होतो. मग तो हळूच कागद काढतो: ‘वहिनी, दादांचे खाते बंद करून तुमच्या नावावर नवे करून देतो, म्हणजे दंड लागणार नाही.’ पीककर्जाचे नवे-जुने (जुने खाते बंद करून नवे काढणे) करण्याची आमच्याकडे सवय असल्यामुळे यात कोणालाच काही वावगे वाटत नाही, आणि दीर-भावही ‘सही करून टाका, नंतर बघू’ असेच म्हणतात. त्या एका सहीने मयताचे कर्ज त्या बाईचे स्वतःचे होते. वास्तविक दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५२ नुसार मयताच्या कर्जाला वारस जबाबदार असतो, तो मयताची जी मालमत्ता त्याच्या हाती आली तेवढ्यापुरताच. वारसाच्या स्वतःच्या पगारावर किंवा स्वतः घेतलेल्या वस्तूंवर त्या कर्जाचा हक्क पोहोचत नाही. बापाचे कर्ज फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य आहे, या आधारावर वसुली करण्याची जुनी वाटही हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने त्यानंतरच्या कर्जांपुरती बंद केली आहे. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही असेल, तर मात्र जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच राहते, जामीनदाराबाबत करार कायद्याचे कलम १२८ तसेच सांगते. म्हणून पहिला प्रश्न ‘किती बाकी आहे’ हा नसून ‘माझी सही कुठे आहे’ हा असायला हवा, आणि त्याचे उत्तर कर्जप्रकरणाची प्रत लेखी मागूनच मिळते. त्याआधी कोणत्याही कागदावर सही करू नये. साधे ‘बाकी मान्य’ असे लिहून दिले, तरी मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे, मुदत संपत आलेल्या कर्जाची मुदत त्या सहीच्या दिवसापासून पुन्हा सुरू होते.

विम्याचेही असेच आहे. गटाच्या कर्जात बहुधा कर्जदार बाई आणि तिचा नवरा दोघांचा विमा असतो आणि त्याचे पैसे कर्ज देतानाच कापून घेतलेले असतात. शिवणकाम करणारी एक बाई नवरा गेल्यानंतरही दर आठवड्याला हप्ता भरत होती. तिचे कर्जाचे कार्ड मी पाहिले, तेव्हा पहिल्याच पानावर मंजूर रक्कम आणि हातात पडलेली रक्कम यांत फरक होता, आणि त्या फरकातली एक ओळ विम्याची होती. नवऱ्याचाही विमा त्यात होता. मृत्यूचा दाखला, आधार कार्ड आणि अर्ज दिल्यावर ते कर्ज बंद झाले, आणि मधल्या काळात भरलेले हप्ते परत मिळण्यासाठी तिला आणखी एक अर्ज करावा लागला. दर आठवड्याला तिच्या दारात येणाऱ्या माणसाला ही गोष्ट पहिल्या दिवसापासून माहीत असणारच. ती सांगण्याचे बंधन त्याच्यावर असायला हवे होते.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबते. रिझर्व्ह बँकेने मायक्रोफायनान्स कर्जांसाठी १४ मार्च २०२२ रोजी निर्देश काढले आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज त्यात येते, आणि कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत, अशी मर्यादा आहे. मर्यादा असणे चांगलेच आहे. पण ती कर्ज देतेवेळी तपासली जाते, नंतर नाही. समजा, नवरा महिन्याला १४,००० रुपये आणि बायको ८,००० रुपये मिळवते. मिळून २२,००० झाले. हप्ते ९,५०० रुपयांचे आहेत, म्हणजे नियमात बसतात. नवरा गेला. आता घरात येतात ८,००० आणि हप्ते आहेत ९,५००. नियमाने दिलेले कर्ज एका रात्रीत उत्पन्नाहून मोठे झाले, आणि यात त्या बाईने काहीही वावगे केलेले नाही. दुसरे असे की, निम्मे उत्पन्न हप्त्यात घालवणे ज्या घरात दोन कमावते हात आहेत तिथे जेमतेम निभावते. जिथे एकच हात आहे आणि तो हात आजारी पडला तर मागे कोणी नाही, तिथे तीच मर्यादा फार वर आहे. घरात कमावते किती आणि खाणारे किती, हे त्या टक्केवारीत कुठेच येत नाही.

आमच्या भागाला दुष्काळ नवा नाही. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत बार्शी तालुका होता. दुष्काळ जाहीर झाला की काय होते, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे: जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफ. म्हणजे उत्पन्न बुडाले तर हप्त्याची फेरमांडणी झाली पाहिजे, हे तत्त्व सरकारला आणि बँकांना मान्य आहे. करोनाच्या काळात १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा सगळ्या देशाला दिली गेली. मग ज्या घरात कमावते माणूसच गेले, त्या घराला हेच तत्त्व का लागू होऊ नये? त्या घराचा पाऊस पुढच्या वर्षीही पडणार नसतो.

बँकेत जाऊन मी हे विचारले आहे. शाखेतील अधिकारी सज्जन होते. त्यांनी सांगितलेले कारण समजून घेण्यासारखे आहे आणि ते खरेही आहे. नैसर्गिक आपत्तीमुळे कर्जाचे पुनर्गठन केले, तर ते खाते बँकेच्या दप्तरी चांगलेच धरले जाते. पण कर्जदाराच्या वैयक्तिक अडचणीमुळे मुदत वाढवून हप्ता कमी केला, तर सर्वसाधारणपणे ते खाते लगेच एनपीएत (बँकेच्या दप्तरी बुडीत-थकीत धरलेल्या खात्यांत) जाते, बँकेला त्यापोटी आपल्या नफ्यातून रक्कम बाजूला ठेवावी लागते आणि शाखाधिकाऱ्याला वरून विचारणा होते. त्यामुळे अधिकार असूनही कोणी तो वापरत नाही, आणि ‘दोन-तीन महिने कसेही करून भरा, मग बघू’ असा सल्ला मिळतो. ‘कसेही करून’ याचा आमच्या गल्लीतला अर्थ एकच होतो. सोने संपलेले असेल तर खासगी सावकार.

शेकडा पाचने घेतलेल्या ५०,००० रुपयांना महिन्याला २,५०० रुपये व्याज होते. वीस महिन्यांत ५०,००० रुपये भरून होतात आणि मुद्दल जिथल्या तिथे असते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला १५ टक्के आणि विनातारण कर्जावर १८ टक्के, तर शेतकऱ्याकडून अनुक्रमे ९ आणि १२ टक्के एवढेच व्याज घेता येते. म्हणजे शेकडा पाच हा वर्षाला ६० टक्क्यांचा दर कायद्याच्या तिपटीहून जास्त आहे. व्याजापोटी मुद्दलापेक्षा अधिक रक्कम वसूल करता येत नाही, असेही हा कायदा सांगतो. परवाना नसलेल्या सावकाराविरुद्ध सहकार खात्याच्या तालुक्यातील सहायक निबंधकाकडे तक्रार करता येते, आणि सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन किंवा घर पंधरा वर्षांच्या आतले असेल, तर चौकशीअंती परत मिळवण्याची तरतूद त्यात आहे. पण एकट्या बाईने गावातल्याच माणसाविरुद्ध अर्ज द्यायचा आणि त्याच गल्लीत राहायचे, हे किती कठीण आहे, ते कायदा लिहिणाऱ्यांना पूर्ण उमगले असेल असे मला वाटत नाही.

मुदत वाढवून मागणे हाही सोपा उपाय नाही, हे हिशेबाची माणूस म्हणून मला सांगितले पाहिजे. उदाहरणादाखल १२ टक्के दराने दहा वर्षांसाठी घेतलेले ३ लाखांचे कर्ज घ्या. मासिक हप्ता साधारण ४,३०४ रुपये येतो. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले ३,००० रुपये नुसते व्याजात जातात आणि मुद्दल फक्त १,३०४ रुपयांनी उतरते. म्हणूनच तीन-तीन वर्षे भरूनही ‘बाकी काही हलत नाही’ असे बायका म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरे असते. तेच कर्ज पंधरा वर्षांचे केले तर हप्ता ३,६०० रुपयांवर येतो, पण एकूण भरणा सुमारे ५ लाख १६ हजारांवरून ६ लाख ४८ हजारांवर जातो. महिन्याच्या सातशे रुपयांच्या सवलतीसाठी सव्वा लाखाहून अधिक रुपये जादा मोजायचे. म्हणून नुसती मुदतवाढ पुरेशी नाही. कमावते माणूस गेल्यानंतरचे निदान एक वर्ष हप्ता कमी, त्या काळात व्याजावर व्याज नाही आणि दंडाची आकारणी नाही, अशी फेरमांडणी हवी. थकलेल्या हप्त्यावर दंडव्याज लावून ते मुद्दलात मिळवण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेने २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना बंद करायला लावलीच आहे. त्यापुढचे हे पाऊल आहे.

वसुलीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर बातम्या येत असतात. मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करू नये, शिवीगाळ व धमकी नसावी, नातेवाइकांना त्रास देऊ नये, हे २०२२ च्या निर्देशांतच आहे. ठरलेल्या जागी कर्जदार लागोपाठ दोनदा आली नाही, तरच तिच्या घरी जाता येते. पण गटाच्या कर्जात, जिथे बायका एकमेकींना जामीन असतात, वसुलीच्या माणसाला काही बोलावेच लागत नाही. एकीचा हप्ता आला नाही तर मीटिंग उठत नाही, आणि बाकीच्या नऊजणी, ज्यांची मजुरीची वेळ टळत असते, त्याच तिच्या दारात येऊन बसतात. उद्या यातल्याच कुणाकडे आपल्याला मूल सोडून कामाला जायचे असते. या बायकांचा दोष नाही. जामिनाची पद्धतच अशी आखलेली आहे. ज्या घरी कोणी गेले असेल, त्या घराचा हप्ता काही काळ गटातून वेगळा काढावा, एवढी साधी तरतूदही कुठे नाही.

आणि एक भीती काढून टाकायला हवी. ‘पैसे भरले नाहीत तर तुरुंगात जाल, पोरं उघड्यावर येतील’ असे सांगितले जाते. पैशाच्या हुकूमनाम्याच्या (पैसे देण्याच्या न्यायालयाच्या आदेशाच्या) वसुलीसाठी स्त्रीला अटक करता येत नाही, असे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ५६ स्पष्ट सांगते. कलम ६० प्रमाणे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवायचे नसलेले दागिने यांवर जप्ती येत नाही. मात्र धनादेश न वटल्याचा खटला फौजदारी असतो, त्यामुळे कोऱ्या धनादेशावर सही करून देणे फार धोक्याचे आहे. पतसंस्थेकडून महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्याची (सहकार निबंधकाकडून मिळणाऱ्या वसुलीच्या हुकमाची) नोटीस आली, तर सुनावणीला स्वतः हजर राहून आपले म्हणणे लेखी द्यावेच. एकदा दाखला निघाला की कलम १५४ खालच्या फेरतपासणीसाठी वसुलपात्र रकमेच्या निम्मे पैसे आधी भरावे लागतात, आणि तेवढे असते तर कर्ज थकलेच नसते. लोकअदालतीच्या नोटिशीला बायका घाबरतात, त्याचे कारण नाही. तिथे तडजोड ऐच्छिक असते. पण जो हप्ता आपल्याला झेपणार नाही तो तिथे कबूल करू नये, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. कोणत्याही उत्पन्नाच्या स्त्रीला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातच विधी सेवा समिती असते आणि १५१०० हा विधी सेवेचा देशभरचा मदत क्रमांक आहे. माझ्याकडे आलेल्या बायकांपैकी बहुतेकींनी हे पहिल्यांदाच ऐकले.

आतापर्यंत विधवांविषयी लिहिले. परित्यक्तेची स्थिती मला याहून बिकट वाटते, आणि तिच्याबद्दल समाजाला कणवही कमी येते. तिचा नवरा हयात असतो, म्हणून विमा नाही, वारसनोंद नाही, मृत्यूचा दाखला नाही. घर त्याच्या नावावर, कर्जात सहकर्जदार म्हणून सही तिची. तो पुण्या-मुंबईकडे निघून जातो, फोन बंद करतो, आणि नोटीस येते ती तिच्या पत्त्यावर. ती न्यायालयात जाते. पोटगी मंजूर होते. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनीश विरुद्ध नेहा या निकालात पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सांगितले आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे कायद्यातच आहे. पण मंजूर झालेली पोटगी हाती पडते का? थकली तर पुन्हा वसुलीचा अर्ज, पुन्हा वॉरंट, ‘पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा, आणि हा अर्जही रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत केला पाहिजे, नाहीतर तेवढ्या महिन्यांच्या वसुलीसाठी वॉरंट निघत नाही. सध्या हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. इथे एकाच घरात दोन थकबाक्या आहेत. एक तिची बँकेकडे, दुसरी नवऱ्याची तिच्याकडे. पहिलीच्या वसुलीसाठी तारण जप्त करण्याचा कायदा आहे, वसुली दाखला आहे, पत नोंदवणाऱ्या कंपन्या आहेत, माणसे आहेत. दुसरीच्या वसुलीसाठी ती एकटी आहे, तेही एका दिवसाची मजुरी बुडवून. थकीत पोटगी ही थकबाकी म्हणून त्या माणसाच्या पतअहवालात का नोंदली जाऊ नये, आणि नवे वाहनकर्ज देताना ती का पाहिली जाऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही.

सरकारी योजना आहेत, आणि ज्यांना त्या मिळतात त्यांना त्यांचा आधार होतो, हे कृतज्ञतेने नोंदवते. पण संजय गांधी निराधार अनुदान योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. जी बाई मुलांना दोन वेळा जेवू घालून एक हप्ता भरते, ती या मर्यादेत प्रामाणिकपणे बसूच शकत नाही. त्याहून मोठा आधार बालसंगोपन योजनेचा आहे. २०२३ पासून त्यात एका बालकामागे महिन्याला २,२५० रुपये आहेत आणि एकल पालकांची मुले त्यास पात्र ठरतात. अर्ज महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात करावा लागतो. परंतु हे पैसे दरमहा येत नाहीत, अनेक महिन्यांचे एकदम येतात. हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच असतो. या अनुदानाची तारीख निश्चित झाली, तर रक्कम एका रुपयाने न वाढवताही अनेक घरे सावकाराच्या दारापासून वाचतील. मुलींच्या शिक्षणाबाबत ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. त्यामुळे शैक्षणिक कर्ज काढण्याच्या बेतात असलेल्या दोन घरांचे कर्ज टळलेले मी पाहिले आहे.

मुलांबद्दल लिहिणे मला अवघड जाते, तरीही लिहिते. कर्ज असलेल्या घरातली मुले मागणे सोडून देतात. सहलीचा कागद दप्तरातच राहतो, बूट चावतात हे सांगितले जात नाही, आणि दाराशी गाडीचा आवाज आला की ती आईच्या तोंडाकडे पाहतात. पुष्कळ आया मुलांपासून सगळे लपवतात, कारण त्यांना वाटते की मुलांच्या डोक्याला ताप नको. माझा अनुभव असा आहे की, मुलांना कळतेच, फक्त अर्धवट कळते आणि त्यामुळे ती जास्त घाबरतात. मुलगी दहावीत गेल्यावर मी तिला कर्जखात्याचा उतारा वाचायला शिकवले: हे मुद्दल, हे व्याज, हा या वर्षी उतरलेला आकडा. आकडा मोठा होता, पण त्याला शेवट आहे हे तिला दिसले. त्यानंतर ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी राहायची, ते थांबले. दर एप्रिलमध्ये हा उतारा संस्थेकडून शिक्क्यासह मागून घ्यावा, दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती त्यालाच टाचून ठेवावी, आणि एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे काढायचे असेल, तर नव्याचा दर जुन्यापेक्षा खरोखर कमी आहे का, हे कोणाकडून तरी मोजून घ्यावे. सांगताना १२ टक्के म्हटलेला पण पूर्ण रकमेवर सरळ लावलेला दर दोन वर्षांच्या कर्जात घटत्या बाकीवर जवळपास २१ ते २२ टक्क्यांचा निघतो, हे मी अनेकींना कागदावर करून दाखवले आहे.

आता मागण्या. कर्जदार किंवा सहकर्जदार यांचा मृत्यू झाल्यास अथवा न्यायालयाने एका पालकाकडे मुलांचा ताबा दिल्यास, एका साध्या अर्जावर नव्वद दिवसांत नव्या उत्पन्नानुसार हप्त्याची फेरमांडणी करणे बँका, वित्त कंपन्या आणि पतसंस्था यांच्यावर बंधनकारक असावे, आणि दुष्काळातील पुनर्गठनाप्रमाणे हे खातेही एनपीए धरू नये. ही मुख्य मागणी, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टी तिच्यावर अवलंबून आहेत. विम्याच्या दाव्याची कागदपत्रे कर्ज देणाऱ्यानेच भरून द्यावीत आणि त्याचा निर्णय होईपर्यंत वसुली थांबवावी. सर्वांत लहान कर्जदारांसाठी दिवाळखोरी संहिता, २०१६ मध्ये कर्जमुक्त होऊन नव्याने सुरुवात करण्याचे एक प्रकरण आहे. वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न, २०,००० पर्यंत मालमत्ता आणि ३५,००० पर्यंत देणे असलेल्या, स्वतःचे घर नसलेल्या व्यक्तीसाठी ते लिहिले गेले, पण ते अमलातच आणलेले नाही. कंपन्यांची दिवाळखोरी निकाली निघू लागून इतकी वर्षे झाली; या प्रकरणातील रकमा आजच्या महागाईप्रमाणे वाढवून ते लागू करावे.

जिल्ह्याच्या पातळीवर यासाठी दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. अग्रणी बँकेने (जिल्ह्यातील बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या बँकेने) महिन्यातून एक दिवस तहसील कार्यालयात, निराधार योजनेच्या अर्जांसाठी बायका येतात त्याच दिवशी, एक कर्मचारी बसवावा आणि विधी सेवा समितीचा एक वकील त्याच्या शेजारी असावा. बायकांनी कागद दाखवावेत आणि यातले कोणते कर्ज कायद्याने आपले आहे, कशाचा विमा आहे, हप्ता किती बसायला हवा, हे त्यांना तिथेच लिहून मिळावे. आपल्या दैनिकाने तालुक्या-तालुक्यांतील विधी सेवा समित्यांचे पत्ते आणि बसण्याचे वार एकदा छापले, तर ते कात्रण मी स्वतः दुकानात लावीन आणि येणाऱ्या प्रत्येकीला देईन.

आपली विश्वासू,
एक वाचक, बार्शी (जि. सोलापूर)
(मुलांच्या दृष्टीने माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)